अडेलतट्टू बूट

आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा मी त्यांच्याकडून एकच वचन घेतलं होतं, आता घर सोडून कुठे जायचं नाही. लग्नानंतर बावीस वर्षं मी नवरा फक्त सुट्टीत पाहिला. त्यामुळे गेल्या दिवाळीनंतर यांनी परेडचे नवे काळे बूट आणून रोज सकाळी बाल्कनीत घासायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

जुन्या जोडीचा तळ पेटीतल्या पेटीत सुटला म्हणून नवी आणली, असं सांगण्यात आलं. कशासाठी? तर सव्वीस जानेवारीला आमच्या हुडकेश्वरच्या सोसायटीत झेंडावंदन असतं. पंधरा मिनिटांचं झेंडावंदन आणि तयारी दोन महिने आधीपासून! मी काही कालची पोर नाही. यांचा एक फौजेतला मित्र बुटीबोरीला एका कारखान्याच्या गेटवर गार्डांचा सुपरवायझर आहे. त्याचे फोन वाढले होते. मी चहा घेऊन गेले की लगेच "बरं, ठेवतो." एकदा तर दाराआडून मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "घरी बोलू नको अजून." आणखी काय पाहिजे? गार्डची नोकरी ठरत होती आणि मला शेवटच्या दिवशी सांगणार होते.

बूट मात्र वठणीवर येईनात. हे डबीच्या झाकणात चार थेंब पाणी घेत, बोटाला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळत आणि चिमूटभर पॉलिश घेऊन बारीक बारीक गोल फिरवत बसत. नव्या कातड्यावर दाणे असतात म्हणे. ते दाबून बसवायला माझा स्टीलचा चमचा गॅसवर तापवून नेला, तोही न विचारता. त्या चमच्यानं मी अजून वरण वाढलेलं नाही. फौजेचा नियम असा की बुटाच्या टोकात आपलं तोंड स्वच्छ दिसलं पाहिजे, तोवर बूट झालाच नाही. पॉलिशच्या दोन डब्या संपल्या, तरी रोजचं रडगाणं तेच, "लय जिद्दी बूट आहे हा. चमकच पकडून नाही राहिला."

"काहून एवढं घासून राहिले? कुठं जायचं आहे?" मी एकदा विचारलंच.

"कुठं जातो वं मी?" हे खाली मान घालून म्हणाले.

खाली मान घालून बोलणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. मी कपाटातले कागद चाळले, शर्टाचे खिसे तपासले. काही सापडलं नाही, त्यानं संशय आणखीच वाढला. चोर कधी पुरावा मागे ठेवतो का?

मग एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते आणि हे फोन घ्यायला आत गेले. मी रागानं एक बूट उचलला. वाटलं, द्यावा खाली भिरकावून. तेवढ्यात टोकात माझं तोंड दिसलं. कपाळावरची टिकली दिसली, नाकातला खडा दिसला, मागच्या दोरीवरचा फुलाफुलांचा गाऊन आणि त्याला लावलेले चिमटेसुद्धा दिसले. बूट केव्हाच झाला होता.

हे बाहेर आले. माझ्या हातातून बूट घेतला, उन्हाकडे वळवला आणि अगदी नाकाशी नेला.

"पाहा," म्हणाले, "अजून धुरकटच आहे."

माझ्या अंगावर काटा आला. "किती दिवसांपासून धुरकट दिसून राहिलं तुम्हाले?"

त्यांनी बूट माझ्यापुढे धरला. "तुले दिसते का यात?"

"दिसते. सगळं दिसते."

"मंग बूट चांगलाच आहे म्हणा." त्यांनी चिंधी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं.

दिवाळीच्या आधीच उजव्या डोळ्यापुढे धूर यायला लागला होता, आता दोन्हींपुढे. बुटीबोरीच्या त्या मित्राचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्याला विचारणं चाललं होतं. पण बूट चमकला म्हणजे डोळे ठीक, असं स्वतःशी ठरवून हे दोन महिने घासत बसले होते. फौजी माणूस, डॉक्टरपेक्षा बुटावर भरवसा जास्त! मला आधी स्वतःची लाज वाटली, मग यांचा राग आला, आणि मग एकदम स्कूटर आठवली.

"अहो, परवाच तर मले स्कूटरवर मांगं बसवून नंदनवनच्या बाजारात नेलं तुम्ही! एवढ्या गर्दीतून!"

"तू मांगून बोलतच राह्यतं ना," हे म्हणाले, "हळू घ्या, ट्रक आला, आता वळा. त्याच्यावरच चालवून राहिलो होतो."

मी किल्ली मागितली. त्यांनी मुकाट्यानं खिशातून काढून माझ्या ओल्या हातावर ठेवली, आणि मला रडू फुटलं.