पुढच्या दसऱ्याची गाडी

कुणी काही विकत घ्यायचं म्हटलं की सर आधी चष्मा काढायचे. शर्टाच्या टोकाने काचा पुसायचे, उजेडाकडे धरून बघायचे, पुन्हा पुसायचे. तोवर समोरच्याचा निम्मा उत्साह ओसरलेला असायचा. मग चष्मा नाकावर चढवून ते म्हणायचे, "थांबा जरा. पुढचं सुधारून येतं."

असा एक माणूस तुमच्याही गावात असेल. आमच्या तिसगावात तो आमच्या शाळेचा विज्ञानाचा मास्तर होता. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे आणि त्यांच्या घरासमोरच राहायचे. त्यामुळे सरांचा चष्मा पुसण्याचा कार्यक्रम मी शाळेत आणि ओट्यावर असा दोन्हीकडे पाहिला. फ्रीज, मोबाईल, विहिरीवरची मोटर, काहीही घ्यायचं असलं तरी लोक आधी सरांकडे यायचे आणि न घेता परत जायचे. बाजारपेठेतले दुकानदार त्यांना लांबून नमस्कार करायचे, पण मनातून चरफडत असणार.

आणि खरं सांगायचं तर सरांचं बरोबर यायचं. आमच्या शेजारच्यांनी घाईने डबा टीव्ही घेतला. मी सरांचं ऐकून थांबले, तर वर्षाच्या आत भिंतीवर टांगायचा सपाट टीव्ही आला, तोही स्वस्तात. शेजाऱ्यांचा डबा बाहेर काढायला दोन माणसं लागली. त्या दिवशी सर फाटकापाशी उभे राहून नुसते हसले. थांबणाऱ्याचं भलं होतं यावर माझाही विश्वास तेव्हाच बसला.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, चारचौघांत त्यांना 'आमचे सर' म्हणायच्या. एकदा मला म्हणाल्या, "आमचे सर लग्नालाबी थांबा म्हनले आसते, बाई. पन माज्या बापानं त्येंना इचारलंच न्हाई." सर तिथेच पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं, पण कान लाल झालेले मी पाहिले.

सर निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत वहिनींच्या मूत्रपिंडांनी साथ सोडली. जवळपास डायलिसिसला जागा मिळेना, म्हणून नगरचं एक हॉस्पिटल धरलं. आठवड्यातून दोनदा जायचं, पुढेपुढे तीनदा. मशीनचं वहिनींना काही वाटत नसे. सुई टोचायची, तीन-चार तास पडून राहायचं, शेजारच्या बाईशी सुनांबद्दल बोलायचं, असं त्या हसत सांगायच्या. त्यांना भीती होती ती रस्त्याची.

वहिनींना गाडी लागायची. मलाही लागते, म्हणून मला ते कळतं. करंजीचा घाट सुरू झाला की आम्ही दोघी एकाच जातीच्या. लग्नाकार्याला एका जीपमध्ये बसलो की मी लिंबू काढायचे, त्या आवळासुपारी काढायच्या आणि दोघी खिडकीसाठी भांडायचो. पण माझं घाटापुरतं होतं. त्यांच्या अंगात आता आजाराचीच मळमळ भरलेली. गल्लीतल्या एका पोराची भाड्याची डिझेल गाडी ठरवलेली होती. डिझेलचा वास, आरशाला लटकवलेली अत्तराची बाटली आणि सकाळी लावलेली उदबत्ती, हे सगळं मिळून काय होत असेल ते गाडी न लागणाऱ्याला सांगून समजणार नाही. जाताना उलट्या, येताना उलट्या. घरी आल्या की त्या दुसऱ्या दिवसापर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्याची धास्ती.

सरांनी ठरवलं, आपली गाडी घ्यायची आणि ती विजेवरची घ्यायची. धूर नाही, वास नाही, इंजिनाची थरथर नाही. निर्णय चोख होता. पैशाचीही अडचण नव्हती. मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीला, इकडे पेन्शन. सरांनी ड्रायव्हिंग शिकून लायसन काढलं. ओसरीच्या भिंतीत गाडी चार्ज करायला जाड वायरीचा, अर्थिंग दिलेला वेगळा पॉइंट बसवून घेतला. फक्त गाडी घ्यायची राहिली. त्या पॉइंटवर वहिनी मिक्सर लावून शेंगदाण्याची चटणी वाटायच्या.

गुढीपाडव्याला गाडी येणार असं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पाडव्याच्या आधी सरांनी कुठेतरी वाचलं, की त्याच गाडीत मोठी बॅटरी येणार आहे. नगरला जाऊन-येऊन वर शिल्लक राहील अशी. वाटेत चार्जिंगची सोय एकाच हॉटेलापाशी, ती कधी चालू, कधी बंद. तेव्हा त्यांची शंका अगदीच खुळी नव्हती. पाडवा गेला. अक्षय्य तृतीयेला सरकारी सवलतीचं काहीतरी ठरायचं होतं, तीही गेली. तुम्हाला आपल्याकडची रीत ठाऊक आहेच. मुहूर्त हुकला की पुढच्या मुहूर्तापर्यंत माणसाला कुणी विचारत नाही, आणि तो स्वतःलाही विचारत नाही. सर एरवी पंचांग मानणारे नव्हते, पण गाडी कुणी आडदिवशी घेत नाही एवढं त्यांच्याही अंगात मुरलेलं होतं. आता दसरा धरला होता.

मधल्या काळात त्यांचा अभ्यास जोरात चालू होता. सोनईला एका किराणा व्यापाऱ्याने तशीच गाडी घेतली होती. तिकडे माझी बहीण असते, म्हणून मीही सरांबरोबर गेले. सरांनी त्या भल्या माणसाला घाम फोडला. घाटात बॅटरी किती उतरते, एसी लावला तर किती, उन्हात तापते का, दिवसभर लाईट गेली तर काय करता, पाच वर्षांनी कोण विकत घेईल. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "सर, तुमी गाडी घ्यायला आलाय का गाडीची परीक्षा घ्यायला? मी बसतो आन जातो, येवढंच मला ठावं." मग तो स्वतःहून म्हणाला, "वैनींना आना येकदा. घाटातनं फिरवून आनतो. त्येंना सोसती का न्हाई ते कळंल."

सर म्हणाले, "आणू की. बघू जरा."

परतताना एसटीत मी त्यांना स्पष्ट सांगितलं. सर, मोठी बॅटरी गेली खड्ड्यात. आहे ती घ्या, नाहीतर मुलगा त्याची जुनी पेट्रोलची गाडी देतोय ती घ्या, पण आत्ता घ्या. माझी जीभ तिखट आहे, शाळेत पोरं मला टरकून असत. सरांवर परिणाम शून्य. त्यांनी चष्मा काढला आणि मला बॅटरीतल्या रसायनांचा पाठ दिला. आज घेऊन चूक झाली तर तिला आयुष्यभर चुकीच्या गाडीत बसावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. बायकोवर जीव होता म्हणूनच ते चांगल्यातली चांगली गाडी शोधत होते, हे मला दिसत होतं. म्हणूनच मला जास्त राग येत होता.

आषाढात वहिनींनी डायलिसिसची पहिली पाळी चुकवली. आज अंग दुखतंय, परवा जाऊ, म्हणाल्या. हॉस्पिटलातून सरांना बोलणी बसली. पुन्हा एक पाळी चुकली, मग आणखी एक. मी दुपारी गेले तर त्या पायांखाली उशी घेऊन मेथी निवडत होत्या. पाऊल दाबलं तर बोटाचा खड्डा तसाच राहत होता. मी रागावले. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, त्या गाडीत बसन्यापरीस मेलेलं बरं वाटतंय. आपली गाडी यिऊ द्या. मंग येकबी पाळी चुकवनार न्हाई. दसरा काय लांब न्हाई आता."

सर दारात उभे होते. त्यांनी हे ऐकलं. मला वाटलं आता ओरडतील, निदान हात धरून उठवतील. ते चष्मा काढून पुसू लागले. थांबू नकोस हे त्या घरात सांगायची सवयच कुणाला नव्हती. आयुष्यभर त्या बाईने त्यांचं थांबणं ऐकून घेतलं होतं, आता ती थांबते म्हणाली तर तिला कोणत्या तोंडाने अडवणार?

दुसऱ्या दिवशी मात्र सर नगरला गेले आणि गाडीची चौकशी करून आले. नव्या बॅटरीची दसऱ्यालाच येणार होती. जुन्या बॅटरीची शोरूमला उभी होती, लगेच मिळत होती. त्यांनी नव्या गाडीसाठी नाव नोंदवलं. वहिनींना त्यांनी ते सांगितलं तेव्हा त्यांनी रंग विचारला.

श्रावणात एके दिवशी पहाटे वहिनींचा श्वास लागला. छातीत पाणी भरलं होतं. गल्लीतल्या पोराची गाडी आदल्या दिवशीच भाड्याने बाहेरगावी गेलेली. सरांनी बाजारातून दुसरी गाडी आणेपर्यंत उजाडलं. मी मागे वहिनींचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्या दिवशी त्यांना उलटी झाली नाही. घाट लागायच्या आधीच त्या गेल्या. सर पुढच्या सीटवर होते, ते ड्रायव्हरला सांगत होते की खड्डे चुकवून घे. मी बराच वेळ त्यांना सांगितलं नाही.

वर्ष होईपर्यंत घरात सण नाही, नवं काही आणायचं नाही, असं भावकीने सांगितलं. मुलगा दहावा-तेरावा करून पुण्याला गेला. सरांना चल म्हणाला, ते नको म्हणाले. ओसरीवर बसून असायचे. लोक काही विचारायला यायचे ते बंद झाले. कुणी आलंच तर सर म्हणायचे, तुम्हाला वाटतंय तर घ्या.

आणि पितृपक्षात, जेव्हा आपल्याकडे कुणी साधी चप्पलसुद्धा घेत नाही, सर गाडी घेऊन आले. मोठ्या बॅटरीची नव्हे, शोरूमला उभी होती ती, पाडव्याला मिळत होती तीच. शोरूममधल्या पोराने त्यांना परोपरीने सांगितलं म्हणे, की घट बसू द्या, दसऱ्याला नवी येतेय, सूटही आहे. सर म्हणाले, आज देत असशील तर दे. गाडीला हार नव्हता, नारळ नव्हता. घरच्या बाईने ओवाळायचं, ती नव्हती. गल्लीतल्या बायका दारातून बघत राहिल्या. मास्तराचं डोकं फिरलं, एवढंच सगळे म्हणाले. मुलाने फोनवर खूप ऐकवलं.

चार-पाच दिवस गाडी ओसरीसमोर नुसती उभी होती. मग एका सकाळी सर माझ्या फाटकाशी आले.

"बाई, नगरला येता का माझ्यासंगं? काम काही नाही. हॉस्पिटलापर्यंत जायचं आणि माघारी यायचं."

"कशाला, सर?"

"तुम्हालाबी गाडी लागते ना," ते म्हणाले.

मला सगळं कळलं. वहिनींना ती सोसली असती का, हे कळून आता काय मिळणार होतं? पण त्यांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. मी आत गेले आणि काय करायचं ते ठरवून टाकलं. रात्रीची तेलकट भाजी होती ती पोटभर खाल्ली. लिंबू मुद्दाम घेतलं नाही. मांडीवर प्लास्टिकची पिशवी ठेवली. काही झालं नाही तरी तोंडाला पदर लावायचा आणि म्हणायचं, सर, ह्याही गाडीत लागतंय, कुठलीही असती तरी लागलं असतं. मास्तरीण म्हणून उभं आयुष्य पोरांच्या थापा ऐकलेल्या. एक थाप मलाही मारता येईल असं वाटलं.

त्यांनी मला मागे डावीकडे बसवलं. वहिनी तिथे बसायच्या. गाडी निघाली. सर जपून चालवत होते, खड्डा आला की आधीच वेग कमी करायचे. आत कसलाही वास नव्हता. करंजी मागे पडली आणि मी पिशवी हातात धरली. पहिलं वळण आलं, दुसरं आलं. वहिनी आजारी पडल्यापासून माझीही झोप धड झालेली नव्हती. तिसरं वळण मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. घाट मागे राहिला होता. पिशवी मांडीवरून खाली पडली होती. सर मागे वळून माझ्याकडे बघत होते, आणि किती वेळ बघत होते कोण जाणे. मी घाईने पदर तोंडाला लावला. ठरवलेलं वाक्य ओठांवर आणलं, पण झोपेतून उठलेल्या माणसाला सोंग आणता येत नाही.

"झोप लागली तुम्हाला," सर म्हणाले.

त्यांनी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

"तीबी झोपली असती," ते म्हणाले. "येताना-जाताना झोपली असती."

मग ते पुढे वळून रडले. मी सरांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता, पण मधे सीटची पाठ होती आणि मी नुसती बसून राहिले.

त्यानंतर महिन्याभरात मुलगा येऊन सरांना पुण्याला घेऊन गेला. गाडी कुणालातरी दिली, घराला कुलूप आहे. मला मात्र ते घाटाच्या पलीकडेच दिसतात. त्या दिवशी रडणं आवरल्यावर ते म्हणाले, हॉस्पिटलापर्यंत जायची आता गरज नाही, आणि त्यांनी गाडी वळवली. तिला आवाज नव्हता. आम्ही निघालो हे मला बाहेरची झाडं मागे सरकू लागली तेव्हा कळलं.