इथंच ठेवू या

आयदे स्कारपाती माझी भिंतीपलीकडची शेजारीण. तिनं सगळं आयुष्य ताज्या पास्त्याच्या दुकानात काढलं. रविवारी सकाळी रावियोलीसाठी रांग लागली की तिचे हात बघत राहावेत असे चालायचे, तोंड मात्र बंद. बोलायचं खातं धाकट्या बहिणीकडे, इर्माकडे होतं. इर्मा दोघींच्या वाटचं बोलायची आणि आयदे मान हलवायची. दोघींनीही लग्न केलं नाही, एकाच घरात केस पांढरे केले. गेल्या हिवाळ्यात इर्मा दवाखान्यात गेली ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी आयदे दुकानात हजर! मला तर तिचा रागच आला होता.

नोव्हेंबरात एकदा तिनं मला जिन्यात गाठलं.

"बेबा, इर्मा मला विचारते, किटली ठेवलीस का म्हणून."

"कधी विचारते?"

"रोज. दिवेलागणीला. स्वयंपाकघरातून."

"आणि तू काय करतेस?"

"काय करणार? ठेवते."

मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून गिळलं. ती हळूच म्हणाली, "आधी स्वयंपाकघरातून यायचा आवाज. मग पॅसेजमधून यायला लागला. काल उशाशी होता गं."

आमच्या ब्वेनोस आयरेसमध्ये यावर एकच औषध. इथे न्हाव्यालाही स्वतःचा सायकॉलॉजिस्ट असतो आणि त्या सायकॉलॉजिस्टलाही त्याचा. मी म्हटलं, जा कुणाकडे तरी. ती मग म्हणाली, "भीती वाटते म्हणून जावंसं वाटतं. पण तिथे मला बरं केलं आणि इर्मा बोलायचीच थांबली, तर? मग मला कोण आहे?"

 मी सरळ पत्ता दिला. माझी स्वतःची बाई दिली नाही हं. एकवेळ नवरा द्यावा मैत्रिणीला, पण आपली सायकॉलॉजिस्ट देऊ नये. माझ्या बाईंना विचारून एक दुसरं नाव आणलं: वाइस्मान बाई, शहरातल्याच पालेर्मो भागात, चौथा मजला.

आयदे निघाली आहे हे दुकानात कळलं आणि रांगेतल्या प्रत्येकाला वाचा फुटली. टॅक्सीवाला म्हणाला, "पहिल्या भेटीला काही लग्न लागत नाही, मावशी. नाही पटली तर सरळ दुसरी बघा." दातांच्या डॉक्टरची बायको म्हणाली, "ती तुम्हाला काय करा ते सांगणार नाही. सल्ला हवा असेल तर पाद्रीबाबांकडे जा." एक कॉलेजकन्यका म्हणाली, "काही कळलं नाही तर विचारायचं. लाजायचं नाही." आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट परत परत सांगितली: तिथे जे बोलाल ते तिथंच राहतं. मीही माझं शहाणपण जोडलं, "मार्चमध्ये सुरू कर. जानेवारीत, भर उन्हाळ्यात, या सगळ्या समुद्रावर पळतात आणि आख्खं शहर वाऱ्यावर सोडतात." पण इर्मा उशाशी येऊन पोचली होती. आयदे कसली मार्चपर्यंत थांबते! बाईंनी डिसेंबरच्या शेवटी, सुट्टीच्या तोंडावर, कशीबशी एक वेळ दिली.

परत आली ती माझ्याच दारात उभी राहिली. चेहरा स्वच्छ, धुतल्यासारखा.

"बोललीस?"

"सगळं बोलले. बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, इथंच ठेवू या. मग मी ठेवलं."

"काय ठेवलंस?"

"इर्माला."

आता मात्र मी खो खो हसले. अगं, वेळ संपली की त्या सगळ्याजणी हेच म्हणतात, म्हणजे आजचं बोलणं इथं थांबवू या. आमच्याकडे नवराबायकोची भांडणंसुद्धा कुणीतरी चेष्टेनं असंच म्हणून मिटवतं. आयदेनं ते आजवर चेष्टेतच ऐकलं होतं. बाईंच्या तोंडून ते शांतपणे आलं आणि तिनं शब्दशः घेतलं. मी समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू आता माझ्या घरी ये आणि बस."

मी गेले. दिवे लागले. शेजारच्या टीव्हीचा आवाज आला, लिफ्ट वर गेली, खाली आली. स्वयंपाकघरातून काही नाही. पण मला कधीच काही ऐकू आलं नव्हतं, तेव्हा नाही म्हणजे काय ते मला कुठून कळणार? आयदेला कळत होतं. ती खुर्चीत ताठ बसून ऐकत होती आणि मला त्या घरात पहिल्यांदाच बसवेना.

काही दिवस तिला गाढ झोप लागली. मग तिचा जीव खालीवर व्हायला लागला. "अनोळखी जागा आहे गं. इर्मा कुणाला ओळखत नाही तिथे. आणि बाईंनी कुलूप लावलंय."

"आयदे, पुरे."

"महिनाभर एकटी राहील ती? बोलल्याशिवाय?"

जानेवारीच्या उकाड्यात शहर ओस पडलं होतं. एका संध्याकाळी ती मला ओढूनच पालेर्मोला घेऊन गेली. रस्त्यावर माणूस नाही. इमारतीतले सगळे दवाखाने बंद, खिडक्यांचे पडदे खाली ओढलेले. रखवालदार दारात खुर्ची टाकून वारा घेत होता. "कुणी नाही वर," तो म्हणाला. "किल्ल्यासुद्धा घेऊन गेल्यात."

आयदेनं तरी दारावरच्या इंटरकॉमचं चौथ्या मजल्याचं बटण दाबलं. थोडा वेळ काही नाही. मग त्याच्या जाळीतून खट्ट आवाज आला, वर कुणी फोन उचलल्यावर येतो तसा, आणि पाठोपाठ खरखर. मी रखवालदाराकडे पाहिलं. तो खुर्चीतून उठला होता.

"इर्मा?" आयदे जाळीला तोंड लावून म्हणाली. "किटली ठेवलीय गं मी. रोज ठेवते."

खरखर थांबली. आत कुणीतरी श्वास रोखून धरला असावा असं मला वाटलं. मग खट्ट, आणि बंद. रखवालदार म्हणाला, जुनी वायर आहे, उकाड्यात असं होतं. बोलताना तो आमच्याकडे बघत नव्हता. मी आयदेचा दंड धरला आणि जवळजवळ पळत बसथांब्यावर आले. 

फेब्रुवारीत बाई परतल्या. आयदे गेली ती ठरवून, इर्माला घेऊन यायचं म्हणून. पुढचं तिनंच मला सांगितलं. समोर बसून तिला बोलता येईना, म्हणून तिनं कोचावर पडू का असं विचारलं. बाई मागच्या खुर्चीत, दिसत नव्हत्या. सुरुवातीलाच बाई म्हणाल्या होत्या, आपण एकमेकींना तू म्हणू या. आयदे छताकडे बघत बराच वेळ बहिणीबद्दल बोलली. मग बाहेर अंधारायला लागलं, तसं तिनं मोठ्यानं म्हटलं, "इर्मा, चल आता घरी."

मागून आवाज आला, "तू जा, आयदे."

"बाईच बोलल्या असणार," मी म्हटलं. "वेळ संपली असेल."

"असेल."

"वळून बघितलंस?"

"नाही. उठले, पर्स घेतली, पुढे बघतच बाहेर आले."

हे सगळं ती माझ्या उंबरठ्यावर उभी राहून सांगत होती.  "बेबा, इर्मा गेली गं," ती म्हणाली आणि भिंतीला धरून खाली बसली. असं रडणं मी कुणाचं ऐकलेलं नाही. सगळ्या मजल्याची दारं उघडली.

मग कुणी गेलं की जे करायचं असतं ते मी केलं. भलं मोठं भांडं भरून कॉफी टाकली. इर्मा गेली तेव्हा आयदेनं कुणाला दारात उभं केलं नव्हतं, तर आता खालच्या मजल्यावरून खुर्च्या आल्या, पास्त्याच्या दुकानाचा मालक एप्रन न सोडताच आला, दातांच्या डॉक्टरची बायको काळी शाल घेऊन आली. सगळे आयदेच्या घरात भिंतीला टेकून बसले, हळू आवाजात इर्माच्या गोष्टी सांगत. कोपऱ्यातल्या एका नवीन भाडेकरूनं, त्याला काहीच ठाऊक नव्हतं, रीतीप्रमाणे विचारलं, "कधी गेल्या?"

"आत्ताच," आयदे म्हणाली. आम्ही कुणीही तिला दुरुस्त केलं नाही.