करंगळीकडची बाजू

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, सांभाळून घ्यावं. सुनंदाताई गेल्याचा फोन बारामतीहून आला तेव्हा मी नातीची वेणी घालत होते. वेणी पुरी केली आणि मग तिथंच बसून राहिले... त्याला आज दीड महिना झाला.

ताई निवृत्त नर्स. घराच्या पुढच्या खोलीत टॅपिंग करायच्या. म्हणजे बोटांच्या टोकांनी भुवईपाशी, डोळ्याखाली, गळ्याच्या हाडापाशी हलकं थोपटायचं आणि मनातलं भय तोंडानं बोलायचं. सुरुवात मात्र तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूपासून. माझ्या उजव्या हाताची नेमकी तीच बाजू कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली होती, दोन बोटांसकट. चार वर्षं तो हात पदराखालीच होता. नात झाली, तरी तिला उचलून घेतलं नव्हतं. सून हसत म्हणायची, "आत्या, पोरगी चावती का काय तुमाला?" पण तिला ते लागलेलं मला कळायचं. तिनंच मला निमगाव केतकीहून एसटीनं बारामतीला ताईंकडं नेलं.

कुणालाही हात लावण्याआधी ताई विचारायच्या, "हात लावू का?" मी नको म्हणाले, तर त्या स्वतःच्या चेहऱ्यावर थोपटायच्या आणि मी बघून करायची. अशा दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मला रडू फुटलं. आता वेळ आली, असं ताईंना आतून वाटलं असावं. त्यांनी न विचारता पदराखालचा हात धरला. मी उठले ती थेट स्टँडवर आले. पुन्हा जायचं नाही, असं सुनेला सांगून टाकलं.

चौथ्या दिवशी ताई आमच्या ओसरीवर. चहासुद्धा आधी घेतला नाही.

"कमल, मला वाटलं, मला कळलंय. कळलं तरी विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

एवढी शिकलेली बाई, आणि माझी माफी मागत होती. मग त्यांनी स्वतःचा हात पुढं केला. "आज तू थोपट. लावशील का हात?"

मी डावा हात पुढं केला. त्या वाट बघत बसून राहिल्या. चहा निवला. मग मी उजवा हात बाहेर काढला आणि तीन बोटांनी त्यांच्या करंगळीखाली थोपटलं. त्यांचा हात गार पडला होता. भ्यालेली मी एकटी नव्हते.

थोपटल्यानं नेमकं काय होतं, मला सांगता यायचं नाही. थंडीत हाताची कळ अजून येते. पण त्या संध्याकाळी सुनेनं पोर पुढं केली आणि मी ती घेतली.

शेवटचं भेटले तेव्हा ताई अंथरुणाला खिळल्या होत्या, डोळे मिटलेले. मी विचारलं, "ताई, हात लावू का?" डोळे न उघडता त्यांनी हात कुशीवर वळवला, करंगळीची बाजू वर करून.

परवा शेजारीण नातीचा गाल ओढायला वाकली. नात दोन पावलं मागं सरली नि म्हणाली, "आदी इचार की."