कात्रीकाका आणि दहा जणांची बाटली
गल्लीत बातमी फुटली ती अशी, की कात्रीकाका सुई बघून चक्कर येऊन पडले आणि त्यांना चौघांनी उचलून घरी आणलं. साफ खोटं. काका स्वतःच्या पायांनी चालत आले. घाबरले होते हे खरं, पण सुईला नव्हे.

कात्रीकाका म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनचे मालक, कारागीर आणि बातमीदार, सगळं एकच. वय सत्तावन्न, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा सातासमुद्रापार नोकरीला. वर्षभर हाताखाली येईल त्या डोक्याला ते ऐकवत होते, "पोरगा तिकीट पाठवत नाही हो, नाहीतर बॅग भरून तयार आहे मी!" गिऱ्हाईक बिचारं मान खाली घालून ऐकायचं, वर करायची सोयच नव्हती. शेवटी कुणीतरी हे मुलाला कळवलं आणि त्याने खरंच तिकीट धाडलं. फोन आला तेव्हा काकांचा वस्तरा हवेतच राहिला.

"काका, साबण वाळतोय," खुर्चीतला माणूस म्हणाला.

तीन महिने राहायचं! काकांनी दुसऱ्याच्या घरी सलग तीन रात्री काढल्या नव्हत्या. त्यात सूनबाई परक्या मुलखातली, तिची भाषा काकांना येत नाही, काकांची तिला. दिवसभर एकमेकांकडे बघून हसत बसायचं, या विचारानेच त्यांचे गाल दुखायला लागले. पण आता नाही म्हणायचं कुठल्या तोंडाने?

तेवढ्यात मदतीला धावली ती लस. त्या देशात जायचं तर पिवळ्या तापाची लस घेतल्याचं कार्ड लागतं, तेही निदान दहा दिवस आधीचं. लस मिळते ती सरकारी दवाखान्यात, फक्त मंगळवारी. एका बाटलीत दहा जणांची लस, आणि एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय नर्स बाटलीला हात लावत नाही. पहिल्या मंगळवारी सहाच आले, दुसऱ्या मंगळवारी आठ. दोन्ही वेळा काका शीळ घालत घरी आले आणि मुलाला पडलेल्या आवाजात म्हणाले, "काय करणार बाळा, माणसंच भरत नाहीत."

विमानाआधी दहा दिवस राखायचे तर तिसरा मंगळवार शेवटचा. काका मुद्दाम उशिरा गेले. दारातून डोकावून बघतात तो बाकावर नऊ जण! काकांनी पुन्हा मोजलं. नऊच. हळूच पाऊल मागे घेतलं.

"ओ काका, कुठे? तुमचीच वाट बघतोय सगळे!" जहाजावर काम करणारा एक धिप्पाड गडी दार अडवून उभा राहिला.

"पाणी पिऊन येतो जरा."

"बसा तुम्ही. पाणी मी आणतो."

बाकावरची एक तरुण मुलगी रडवेली झाली होती. "काका, बरोबर अकराव्या दिवशी माझी नोकरी सुरू होतेय. तुम्ही गेलात तर माझी गेली."

काका बसले. जन्मभर दुसऱ्यांना खुर्चीत डांबणारा माणूस त्या बाकावर नुसता चुळबुळत राहिला.

डॉक्टरांनी फॉर्म भरताना विचारलं, "अंडं खाल्लं की काही होतं का?"

"भूक भागते," काका सवयीने बोलून गेले.

अंडं सोसत नसेल त्याला ही लस देत नाहीत, हे त्या गड्याने बाहेर आल्यावर सांगितलं. काकांनी कपाळावर हात मारला. निसटायला एकच फट होती, तीही आपल्याच जिभेने बुजवली.

टोचलं ते मुंगी चावल्यासारखं. नर्सने कार्डावर शिक्का मारला. "जपून ठेवा हं. जन्मभर चालतं."

"जन्मभर?"

"हो ना. कधीही जा, कितीदाही जा."

काकांनी कार्ड खिशात घातलं. पुढच्या वर्षीसुद्धा सबब उरली नव्हती.

संध्याकाळी मुलाचा फोन आला, तेव्हा सलून गच्च भरलेलं. काकांनी हात रिकामा नाही म्हणून स्पीकर लावला.

"बाबा, झालं ना? मग आवाज असा का? खरं सांगा, तुम्हाला यायचंच नव्हतं का?"

सगळ्या खुर्च्यांनी कान टवकारले. काका फोनवर वाकून म्हणाले, "नव्हतंच यायचं. जन्मभर तुला इतकं काय काय सांगितलं, त्यातलं एक ऐकलं नाहीस, आणि नेमकी ही थाप तेवढी खरी धरलीस? येतोय आता. घ्यायला वेळेवर ये."