तळटीपेत नसलेले मोहनकाका

आईचा फोन आला तेव्हा मी मँचेस्टरला ट्रॅममध्ये होते, युनिव्हर्सिटीकडे निघालेली. "मोहनकाका गेले गं. सकाळी चहा घेतला, आणि…" पुढचं तिला बोलवेना. मी पुढच्या स्टॉपला उतरले आणि तशीच उभी राहिले. रडू आलं नाही. त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली, एवढंच डोक्यात होतं. त्याला आता सहा आठवडे झाले. लिहून तरी सांगता येते का, ते बघते आहे.

मोहनकाका आमच्या नात्यातले नव्हते. लंडनजवळ इल्फर्डमध्ये आमच्या घराच्या मागच्या गल्लीत राहायचे. गणपतीत बाबांची आणि त्यांची ओळख झाली. बाबा बस चालवतात. काका लंडनमधल्या एका लहान संग्रहालयात ग्रीक दालनावर लक्ष ठेवायचे. काळा कोट, गळ्यात ओळखपत्र, कोपऱ्यात खुर्ची. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी प्राचीन ग्रीकांचा इतिहास शिकायचं म्हटल्यावर सगळे चक्रावलेच होते. "फार्मसी कर की," बाबा म्हणाले. "दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेली माणसं तुला नोकरी देणार आहेत का?" काका तेव्हा आमच्याकडे पोहे खात होते. "अहो सुरेशराव, मला त्यांनीच दिली! एकवीस वर्षं पगार चालू आहे." बाबा हसले. आणि एकदा हसल्यावर नाही म्हणणं त्यांना जमत नाही.

प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आधी काका मला दालनात घेऊन गेले. मला वाटलं, पुतळे दाखवतील. शाळेत ग्रीक म्हणजे लोकशाही, तत्त्वज्ञान, नाटक, एवढंच शिकले होते. त्यांनी मला आपल्या खुर्चीत बसवलं. समोरच्या काचेत वाइन प्यायचा मातीचा प्याला होता, पसरट, दोन कानांचा. "उभ्याने सगळे वरचं चित्र बघतात आणि जातात. तू खालून बघ." खालून प्याल्याचं पोट दिसत होतं. त्यावर एक चीर, आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने बारीक भोकं. "फुटल्यावर कुणीतरी टाके घातलेत, त्या काळातच. शिसं आहे बघ अजून एका भोकात. आमचे अण्णा नाशिकला तांबट होते. चिरलेल्या घंगाळाला पट्टी मारायच्या आधी अशीच भोकं पाडायचे. चिरेला अगदी चिकटून नाही, नाहीतर चीर वाढते." बाजूच्या पाटीवर चित्राची सगळी माहिती होती, भोकांबद्दल एक अक्षर नव्हतं. "पण मग त्यातून वाइन गळली असेल ना?" मी विचारलं. "गळली असेलच की. तरी टाकवला नाही गं, ज्याचा होता त्याला."

युनिव्हर्सिटीत बाकीची मुलं लॅटिन, ग्रीक शिकून आलेली. मी सेमिनारमध्ये फारशी बोलायचे नाही. एकदा पडद्यावर तसाच प्याला आला आणि मी धीर करून भोकांबद्दल बोलले… पट्टी कशी बसवतात, भोक चिरेपासून लांब का घेतात. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "फारच छान. कुठे वाचलंस?" मी म्हटलं, "कुठल्यातरी पुस्तकात… आठवत नाही." आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या, दहावीनंतर कामाला लागलेल्या एका माणसाने सांगितलं, हे म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

त्यावरच पुढे मी निबंध लिहिला, आणि त्याला वर्गात सर्वांत जास्त मार्क मिळाले. काका फोनवर म्हणाले, "वाचून दाखव की मला, मराठीत सांगत सांगत." मी वाचला. शेवटी ते म्हणाले, "आणि खाली ती बारीक अक्षरं असतात ना, तीही वाच." मी तळटीपा वाचल्या. एकेक प्राध्यापकाचं नाव, एकेक ग्रंथ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "बरीच मोठी माणसं आहेत गं," एवढंच म्हणाले. त्यांच्या आवाजात काही होतं का, हे मी इतक्यांदा आठवून पाहिलंय की आता खरं काय ते सांगता येत नाही. पुढच्या सुट्टीत भेटून माफी मागायची, असं ठरवलं होतं. सुट्टी यायच्या आधीच…

गेल्या आठवड्यात दालनात गेले. खुर्चीत एक नवीन बाई होत्या. एक जोडपं प्याल्याचा वरून फोटो काढून निघालं होतं. त्या उठल्या. "एक मिनिट. इथे बसून बघा." बसल्यावर त्या गृहस्थांना भोकं दिसली. "अरे! हे तुम्हाला कसं कळलं?" बाईंना क्षणभरही विचार करावा लागला नाही. "मोहनने दाखवलं. इथेच असायचा तो. त्याचे वडील तांब्याची भांडी दुरुस्त करायचे."

किती सोपं होतं ते.

जोडपं गेलं. मी तिथेच घुटमळत होते. "तुम्हालाही बघायचंय?" त्यांनी विचारलं. मी खुर्चीत बसले, खालून पाहिलं, आणि बराच वेळ लावून म्हटलं, "मलाही त्यांनीच दाखवलं."