बिनआवाजाची गाडी

आमच्या जुन्या डिझेल जीपचा आवाज सगळ्या केशोरीला पाठ होता. ती गावाबाहेरच्या बोडीला, म्हणजे आमच्या लहान तळ्याला, वळसा घालून चढ चढू लागली की घरी माझी बायको उकळत्या आधणात तांदूळ वैरायची. त्याच्या आधी नाही. मी गाडी लावून, हातपाय धुऊन, टॉवेल शोधून, तो सापडत नाही म्हणून दोन शब्द बोलून पाटावर बसेपर्यंत भात तयार असायचा. निवलेला भात माणसाला वाढायचा नाही, हा तिचा हट्ट. धानाचा व्यापार करणाऱ्या माणसाच्या घरी यायच्या वेळेला काही धरबंध नसतो, पण तिनं कधी मला फोन करून कुठे पोचलात म्हणून विचारलं नाही. जीप सांगायची.

मग तिला तो रोग झाला आणि हाडांत उतरला. पाठीच्या मणक्यात. दर पंधरा दिवसांनी गोंदियाला न्यायचं होतं, आणि ज्या जीपनं आमचा संसार ओढला तीच आता तिची वैरी झाली. गतिरोधक आला की ती पदराचा बोळा तोंडात धरायची. ओरडायची नाही. मी आरशात बघायचो आणि मला राग यायचा, रस्त्याचा, जीपचा, तिच्या न ओरडण्याचासुद्धा. सौंदड येईस्तोवर तिचा चेहरा पांढराफटक पडलेला असायचा. एकदा मी चिडून म्हणालो, की बाई, दुखतं तर दुखतं म्हण. ती म्हणाली, "म्हनून काय होते जी? तुमी आनखी हळू चालवान, अन् रस्ता आनखी लंबा होईन."

लेक सौंदडलाच दिलेली. आईच्या दुखण्यात ती सासरहून येऊन राहिली होती. विजेची गाडी घ्यायची कल्पना तिची, आणि विकत न घेता लीजवर घ्यायची, हेही तिनंच सुचवलं. लीज म्हणजे काही वर्षांच्या करारानं गाडी आपल्या दारात, मुदत संपली की परत. मला पटत नव्हतं. जमीन ठोक्यानं करतात हे मला ठाऊक होतं, पण गाडी ठोक्यानं घ्यायची हे कुठे ऐकलं नव्हतं. आमचे चुलतभाऊ तर हसले. बॅटरीवर चालणारं खेळणं आणणार म्हणे, सेल कुठे टाकणार? मी त्यांना चहा न पाजता वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवशी गोंदिया गाठलं.

जाताना सोबत पायली घेतली. आमच्याकडे धान्य मोजायचं ते माप, आजोबांच्या वेळचं, पितळी कडांचं. त्यात तांदूळ भरला. विक्रेता चांगला माणूस होता. तो हिंदीत मोटरची ताकद, पडद्यावरचा नकाशा, छताची काच असं काहीबाही सांगत होता. मी ऐकून घेतलं आणि मागच्या सीटवर पायली ठेवून तिच्यावर हातानं शीग लावली, टोकापर्यंत. तो म्हणाला, "अंकल, ये क्या कर रहे हो?" मी म्हणालो की ही माझी बायको आहे असं समज आणि आता राईस मिलमागच्या रस्त्यानं गाडी ने.

पहिल्या गाडीत पहिल्याच गतिरोधकाला शीग ढासळली. दुसरी दिसायला दांडगी, पण आतून ताठ. खड्ड्यात गेली की मूठमूठ तांदूळ सांडायचे. तिसऱ्या दिवशी तिसरी गाडी. मिलमागचा सगळा रस्ता झाला, रेल्वे फाटकावरचे रूळ ओलांडले, आणि मागे वळून पाहिलं तर शिगेचं टोक फक्त जरासं बसलं होतं. सीटवर चार-सहा दाणे. मला तेव्हा झाला तो आनंद कोणत्याही सौद्यात झाला नव्हता. घरून सुतळीवर गाठ मारून आमच्या बाजेची उंची आणली होती, तीही सीटला लावून पाहिली. बरोबर जमली. म्हणजे तिला चढावं लागणार नव्हतं, बाजेवरून जशी उठते तशीच बसता येणार होतं. काचा वर केल्या तर इतकं शांत, की माझ्याच कानात काही बिघडलं की काय असं वाटलं. विक्रेत्यानं विचारलं, करार किती वर्षांचा करू, दोन, तीन की चार? डॉक्टरांनी महिन्यांची भाषा केली होती. मी म्हणालो चार.

पहिल्या फेरीला ती मागे आडवी झाली आणि अर्जुनी मोरगाव यायच्या आत झोपली. कित्येक महिन्यांत ती दिवसा अशी झोपली नव्हती. पुढे गोंदिया आलं, दवाखाना आला, फाटकापाशी गाडी थांबवली आणि मला तिला उठवायचा धीर झाला नाही. मी गाडी तशीच पुढे काढली. शहराला तीन फेऱ्या मारल्या, बाजारातली गर्दी टाळत, रिकाम्या रस्त्यांनी. डॉक्टरांची वेळ टळली. जागी झाल्यावर ती रागावली, येवढं पेट्रोल जाळलं म्हणून. पेट्रोल नाही लागत, मी म्हणालो. मग ती हसली. मी तिला हसवलं, याचा मला गर्व झाला, आता लिहायला लाज वाटते पण झाला.

जीप विकून टाकली. माझी निवड, माझी पायली, माझी सुतळी, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलो. तिनं मात्र एक खोड काढलीच. एक दिवस मी घरात शिरलो तर ती बाजेवर दचकली. म्हणाली, "गाडी चांगली हाये जी, पन तुमी आले का नाई, ते समजूनच नाई राहिलं." मी म्हणालो, बोडीपासून हॉर्न वाजवत येतो. त्यावर ती म्हणाली, "हॉर्न त कोनाचाबी रायते." आणि विषय संपला. स्वयंपाक तोवर लेक करू लागली होती, पण आधण ठेवायचं आणि आवाजाची वाट पाहायची, ही सवय त्या घराची होती. बाजेवरून ती लेकीला विचारायची, आली का गाडी, तांदूळ टाक.

त्या दिवशी मी एकटाच गोंदियाला गेलो होतो, तिचे नवे रिपोर्ट दाखवायला. डॉक्टरांनी ते दिव्याच्या पाटीवर लावले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले की आता त्यांना आणत जाऊ नका. घरीच ठेवा. त्रास कमी करायचं औषध देतो. मी बरं म्हणून औषधं घेतली आणि निघालो. वाटेत काहीच झालं नाही. डोळे कोरडे, हात स्थिर. दुपारी तीनच्या सुमारास अंगणात चिंचेखाली गाडी लावली आणि तेव्हा मला कळलं की मी आत जाऊ शकत नाही. हा चेहरा घेऊन तिच्यासमोर जाणं शक्य नव्हतं. तिला माझा चेहरा रिपोर्टापेक्षा चांगला वाचता यायचा.

काचा वर होत्या. आत गारवा होता. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि रडलो. मोठ्यानं, लहान पोरासारखा हुंदके देऊन. जीप असती तर हे जमलं नसतं. जीप बंद करताच लेक दारात आली असती, पाण्याचा तांब्या घेऊन. या गाडीतलं बाहेर काहीही ऐकू जात नाही, हे मला माहीत होतं, मीच पारखून घेतली होती ती. मनात आलं, बरं झालं ही गाडी घेतली. दहा मिनिटं असेन, फार तर पंधरा. मग नाक पुसलं, तोंडावर बाटलीतलं पाणी मारलं, आरशात पाहून हसायची तालीम केली आणि उतरलो.

आत लेक बाजेच्या कडेला बसली होती. आईचा हात तिच्या हातात होता आणि ती हलत नव्हती, दोघीही हलत नव्हत्या. शेगडीवर आधण उकळून उकळून अर्ध्यावर आलं होतं. बाजूला चाळणीत धुतलेले तांदूळ.

"आत्ताच गेली बाबूजी," लेक म्हणाली. "चारदा इचारलं तिनं, गाडी आली काय म्हनून. मी म्हनलं, नाई आली अजून."

मी बाजेपाशी बसलो. हात अजून ऊन होता. चेहऱ्यावर बसवून आणलेलं हसू कसं काढायचं ते मला समजत नव्हतं.

सगळं उरकल्यावर लीजवाल्यांना कळवलं तर ते म्हणाले, गाडी मुदतीआधी परत करता येईल. मी केली नाही. सीटच्या फटीत अजून तांदळाचे दाणे सापडतात, मी ते काढत नाही. आता बोडीच्या वळणावर चारही काचा खाली करतो आणि अंगणात आलो की लगेच उतरतो. आत कोणी नसतं. भात मी येऊन टाकतो.

लेक सौंदडहून महिन्यातून एकदा येते. परवा जेवताना तिनं पुन्हा तेच काढलं. तिच्या मनातून ते जात नाही.

"दहा मिनिटं आधी पोचले असते बाबूजी, त भेट झाली असती."

"हो," मी म्हणालो. "रस्ता खराब होता."