शटडाऊनमध्ये स्पिती

आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. विजेचा ताण वाटून घ्यायला म्हणून कधीतरी कारखान्यांना वेगवेगळे वार दिले आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला, असं जुने लोक सांगतात. माझी बायको शाळेत शिक्षिका, तिची सुट्टी रविवारची. त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आम्ही दोघं एकाच दिवशी घरात रिकामे बसलोय, असं फारसं घडलेलं नाही. मी गुरुवारी दुपारी घोरत असतो तेव्हा ती वर्गावर असते, आणि ती रविवारी माळा आवरते तेव्हा मी चाकणला कंपनीत असतो. संसार टिकला तो यामुळेच, असं मी पाहुण्यांना सांगतो. पाहुणे हसतात. ती चहा ठेवून आत जाते.

आमच्या सुट्ट्या जुळायच्या त्या फक्त शटडाऊनमध्ये. ज्या मोठ्या गाडी-कंपनीला आम्ही पार्ट पुरवतो, ती उन्हाळा संपता संपता दहा-बारा दिवस बंद राहते. ती बंद झाली की तिच्या मागे चाकणपासून भोसरीपर्यंतच्या आमच्यासारख्या बारक्या कंपन्याही बंद होतात. शाळाही तेव्हा बंदच असते. पण दर वर्षीच्या शटडाऊनला काही ना काही आडवं यायचंच. कधी गावाकडचं लग्न, कधी गळकं छत, कधी मेहुण्याची वास्तुशांत. एका वर्षी काहीच नव्हतं, तर मी कांजिण्या काढल्या. या वयात.

बायको चौथीच्या वर्गाला भूगोल शिकवते. फळ्यावर वरच्या बाजूला निळ्या खडूने हिमालय काढते. ते ती इतकं छान करते की तास संपला तरी मुलं फळा पुसत नाहीत. दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "बाई, तुम्ही गेलाय का तिथे?" आणि ती दर वर्षी सांगते, जाणार आहे. गेल्या हिवाळ्यात एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "बाई, माझ्या दादालापण तुम्ही हेच सांगितलं होतं." तो दादा आता कॉलेजात आहे.

हे तिने मला मटार सोलता सोलता सांगितलं. वर्गावर तिचं आता एकच वर्ष राहिलंय. त्यानंतर तिला मुख्याध्यापिकेची खुर्ची मिळणार, म्हणजे फक्त सह्या करायच्या. वर्ग सुटण्याआधी एकदा तरी मुलांना सांगायचंय, हो, बघितलाय. "या शटडाऊनला गेलो तर गेलो," ती म्हणाली. "नाही तर मग मी कुणाला सांगणार? फायलींना?"

मी तिथल्या तिथे जबाबदारी उचलली. म्हटलं, नियोजन माझ्यावर सोड. नियोजन करायचाच मला पगार मिळतो.

हे अगदी खरं होतं. आयुष्यभर मी उत्पादनात होतो, म्हणजे पार्ट काढायच्या बाजूला. दिवाळीत माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, तेव्हा कंपनीने दया दाखवून मला मेंटेनन्समध्ये हलवलं. तिथे यंत्रांच्या दुरुस्तीचं नियोजन करायचं. रात्रपाळी गेली आणि पाठ असलेली खुर्ची मिळाली. मी इतका खूश झालो की या बदलीत आणखी काय काय आलं, ते विचारायचंही मला सुचलं नाही.

आम्ही हिमाचलातलं स्पिती ठरवलं. अंबाल्यापर्यंत रेल्वे, पुढे शिमला, तिथून भाड्याच्या गाडीने किन्नौरमधून वर. निगडीहून सुटणारी कंपनीची बस तळवड्याच्या चौकात रोज इतकी अडकते की तेवढ्या वेळात माणूस संस्कृतसुद्धा शिकेल. मी स्पिती शिकलो. खिडकीबाहेर कंटेनरचा धूर आणि मोबाईलवर निळं आकाश. शेजारी कंपनीतल्या पेंट शॉपमधला, म्हणजे रंगकामाच्या विभागातला, माझा जुना मित्र बसायचा. तो मूळचा लातूरकडचा, आणि कुठल्याही जागी गेलेला नसला तरी तिथलं सगळं त्याला माहीत असतं. तिथे हवा पातळ असते, तो म्हणायचा, दोन घास कमी खा. मी म्हणायचो, राव, इथली हवा जाड आहे, तरी मी कमी खातो का?

मुक्काम आखायला मी कारखान्याचीच पद्धत लावली. कुठे किती वेळ वाया जातो ते शोधायचं आणि कापायचं. वाटेत किन्नौरमधल्या कल्प्याला एक अख्खा दिवस नुसतं बसून राहायचं, म्हणजे उंचीची सवय होते, असं सगळीकडे लिहिलं होतं. काही न करता बसणं म्हणजे माझ्या लेखी थांबलेलं यंत्र. तो दिवस मी उडवला आणि वाचलेल्या वेळात आणखी दोन मठ बसवले. बायकोने आराखडा बघितला आणि विचारलं, आपण फिरायला चाललोय की पार्ट पोचवायला. मग पेन्सिलीने तो दिवस परत घातला.

सरावही सुरू केला. घोरावडेश्वरची टेकडी आठवड्यातून एकदा चढायची. मी गुरुवारी चढायचो, ती रविवारी. म्हणजे दोघांनी मिळून जायच्या प्रवासाची तयारी आम्ही वेगवेगळ्या वारी केली. ती देवळापर्यंत जाऊन यायची. मी अर्ध्या वाटेवरच्या एका सपाट दगडाशी घट्ट मैत्री केली. तिथे टेकून खालची महामार्गावरची रांग बघायची, डोळे मिटायचे आणि घरी येऊन सांगायचं, आज बरंच वर गेलो होतो. गुरुवारी माणसाला झोप लागते, त्यात टेकडीचा दोष नाही.

असे महिने गेले. ऑफिसात माझ्या संगणकावर एकीकडे मेंटेनन्सची शटडाऊनमधली कामं आखली जात होती आणि दुसरीकडे, साहेब नसताना, स्पिती. दोन्ही योजना माझ्याच, दोन्ही त्याच दिवसांतल्या. अभिमानाने सांगतो, दोन्ही उत्तम झाल्या होत्या.

शटडाऊनच्या कामांची बैठक झाली. आमचे मेंटेनन्सचे साहेब माझ्या मुलीपेक्षा थोडेच मोठे, म्हणून ते मला काका म्हणतात. मी उभा राहून एकेक काम सांगितलं. क्रेन कोण तपासणार, पाइप कोण बदलणार. शेवटी साहेबांनी विचारलं, मोठ्या प्रेसला कोण? हा प्रेस म्हणजे पत्रा ठोकून त्याला आकार देणारं, दोन मजली घराएवढं आमचं यंत्र. वर्षातून एकदाच ते पूर्ण उघडतात, आणि उघडलेलं असेपर्यंत तिथे कुणीतरी जाणता माणूस लागतो. खोलीत सगळे खाली बघायला लागले. मला वाटलं, इतक्या जणांत एकही मर्द नाही? मी म्हटलं, "मी थांबतो. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत." साहेबांनी टेबलावर थाप मारली. चहाबरोबर त्या दिवशी सामोसे आले.

संध्याकाळी बसमध्ये ही मर्दुमकी मी मित्राला ऐकवली. त्याने ऐकून घेतली. मग विचारलं, स्पितीला कधी निघताय. मी म्हटलं, शटडाऊनच्या पहिल्याच दिवशी, सकाळची गाडी.

"मग प्रेसपाशी कोण थांबणार, भावा? तुझं भूत?"

बस तळवड्यालाच अडकली होती. मला उतरून पळावंसं वाटलं, पण पळायला रस्त्यात जागा नव्हती. आयुष्यभर शटडाऊनच्या आदल्या दिवशी मी डबा हलवत गेटबाहेर पडायचो, आणि पडता पडता मेंटेनन्सच्या पोरांना ओरडून सांगायचो, मजा करा रे. ती पोरं शिव्या का द्यायची, हे माझ्या आत्ता ध्यानात आलं. सगळ्यांचा शटडाऊन म्हणजे मेंटेनन्सची सुगी. तेव्हा सुट्टी मागायची नसते, हे तिथे इतकं उघड आहे की कुणी कुणाला सांगतही नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो. त्यांनी नीट ऐकलं, हसले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. प्रेस उघडणारे बाहेरचे लोक वर्षभर आधी ठरवावे लागतात, शटडाऊन संपला की गाडी-कंपनी दुसऱ्याच सकाळी पार्ट मागणार, आणि बाकी सगळे आपापल्या कामाला जुंपलेले, असं सगळं त्यांनी समजावलं. ते सगळं मलाच ठाऊक होतं, कारण आखणी माझीच होती. निघताना ते म्हणाले, "काका, तुम्ही नाव दिलं नसतं तर मी तुमच्यासाठी काहीतरी केलं असतं." बहुधा काही केलं नसतं. पण बोलले, हा त्यांचा चांगुलपणा.

घरी आलो तो चेहरा पाडूनच. बसमध्ये त्याचा सराव केला होता. जेवताना बायकोला सगळं सांगितलं. सामोसे सोडून सगळं. मध्ये एकदा तिने मला भात वाढला. मी बोलायचा थांबलो तेव्हा ती म्हणाली,

"तुम्हाला बरं वाटलंय."

मी म्हटलं, कशाचं बरं, अगं माझा जीव तुटतोय.

"जावं लागणार नाही याचं. जीव तुटणारा माणूस वांग्याची भाजी दोनदा मागून घेत नाही."

मी ताटाकडे बघितलं. पुरावा समोरच होता.

ती बरोबर बोलत होती. बसमध्ये बसून डोंगर आखायला गुडघे लागत नाहीत, श्वास लागत नाही. तेवढं मी मजेत केलं होतं. पण प्रत्यक्ष जाणं म्हणजे पुन्हा भल्या सकाळी उठणं, पुन्हा बॅगा, पुन्हा गाडीत बसून वाट बघणं, आणि मी त्याच सगळ्याला विटलो होतो. साहेब नाही म्हणाले त्या क्षणी माझ्या आतला एक माणूस सुखाने आडवा झाला होता. मला हिमालय नको होता. मला नुसतं पडून राहायचं होतं, आणि आता तेही मिळणार नव्हतं, कारण तिकडे कंपनीत प्रेस उघडा पडणार होता.

"मी दमलोय गं," मी म्हटलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मीपण दमलेय. मी दमलेलीच जाणार आहे."

आवाज चढला नाही. ताटं उचलून तिने मुलीला फोन लावला. मुलगी वाकडला मैत्रिणींबरोबर राहते, तिचं काम लॅपटॉपवरचं. रेल्वेचं माझं तिकीट मुलीच्या नावावर करता येतं, हे बायकोनेच शोधून काढलं, आणि अर्ज घेऊन आरक्षणाच्या खिडकीशी उभीही तीच राहिली. आराखडा मात्र माझाच नेला. त्यातले माझे दोन मठ काढून टाकले होते.

निघायच्या सकाळी मी बॅगा रिक्षात ठेवल्या. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही हवे होता. बायको म्हणाली, फ्रिजमध्ये पीठ मळून ठेवलंय. मग रिक्षा स्टेशनकडे गेली आणि माझी बस चाकणकडे.

शटडाऊनमधली कंपनी मी पहिल्यांदाच बघत होतो. ठोक्यांचा आवाज नाही, शिट्टी नाही, कँटीनमध्ये फक्त आम्हीच. प्रेसची वरची झाकणं काढून ठेवलेली. चौथ्या दिवशी मी वर चढून बसलो होतो, हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये. खाली बाहेरून आलेला फिटर पाना मागत होता, तेवढ्यात बायकोचा व्हिडिओ कॉल आला. कल्प्याहून. मोबाईल कोपराने सरकवून मी तो प्रेसच्या कडेला टेकवला आणि घाईघाईत म्हणून टाकलं, "वा, काय सुंदर दिसतंय."

"अजून मी फोन फिरवलेला नाही," ती म्हणाली. "तुम्हाला माझं तोंड दिसतंय."

खरंच तिचंच तोंड होतं. कानटोपी, लाल झालेलं नाक. मी म्हटलं, मग काय चुकीचं बोललो. ती हसली नाही. थापा, एवढंच म्हणाली. तरी लगेच फोन फिरवलाही नाही. नाक पुसलं, मुलीला काहीतरी सांगितलं, आणि मग सावकाश फोन वळवला.

आधी एक कठडा आला, मग सफरचंदाची झाडं, आणि मग वर, जिथे आकाश असायला हवं तिथे, पांढरं. फिटरने खालून पुन्हा हाक मारली. साहेबही येऊन उभे राहिले होते. मी त्यांच्याकडे न बघता हात वर केला, थांबा. ते थांबले. चित्र डावीकडून उजवीकडे सरकत होतं, हळूहळू, फळ्यावर ती निळा खडू ओढते तसं. आणि मध्यावर आल्यावर ते गोठलं. रेंज गेली.

संध्याकाळी तिने साधा फोन केला. दिसलं का, विचारलं. मी म्हटलं, अर्धा दिसला.

"उरलेला तुमचा तुम्ही जाऊन बघा," ती म्हणाली. "माझा बघून झाला."

रागाने बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण ती रागावलेली नव्हती. जेवलात का, विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाली, बाहेर अजून उजेड आहे, आम्ही जरा बसतो, आणि फोन ठेवला.